धोंडबाच्या नावाचं लुगडं

नागपुरात माणसं चहा पितात त्यात नवल ते काय? पण माजी सैनिकांच्या ऑफिसच्या आवारात, कडुलिंबाखालच्या टपरीवर, एका माणसाचा कप बशीवर असा काही खडखडला की पंचफुलानं तोंडाजवळ नेलेला भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. हा आवाज तिच्या घरचा होता. चार वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ ती तो ऐकत आली होती. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. धोंडबा तर चहा नको म्हणून, खाकी कोटाच्या खिशात दोन्ही हात कोंबून गुमान बसला होता. मग हा दुसरा कोण?

माणूस धोंडबाच्याच वयाचा, धोतर-कुडत्यातला, रापलेला. कप बशीतच ठेवून तो मान खाली घालून तोंडच कपाकडं नेत होता. अगदी तस्संच! पंचफुलानं भाकरीचं फडकं बाजूला सारलं. परक्या पुरुषाशी आपणहून बोलायची तिची रीत नव्हती, पण रीत गेली खड्ड्यात म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही फौजेत कोठी होते?"

तो बिचारा दचकला. आसामातल्या एका रसद डेपोचं नाव त्यानं सांगितलं, तशी मागं धोंडबाची मान झटक्यात वर आली. कोणतं गोदाम, धोंडबानं विचारलं. नदीकडचं, गव्हाचं, तो म्हणाला. काम? थप्प्यांत गोळ्या ठेवायचं. धोंडबा बाकावरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. शालिकराम त्या माणसाचं नाव, गाव बेसा. धोंडबाची त्या गोदामातून बदली झाली आणि त्याच्या जागी हाच गेला होता. दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलं नव्हतं आणि दोघांचे हात एकाच तालात हलत होते.

ते गोदामाचं काम असं होतं. गव्हाच्या पोत्यांच्या घराएवढाल्या थप्प्या. त्यांत सोंडे पडू नयेत म्हणून वर ताडपत्री टाकायची, कडेनं वाळूच्या पिशव्या दाबायच्या आणि आत शिरून विषाच्या गोळ्या ठेवून यायचं. तोंडाला काय, तर ओला रुमाल. लसणासारखा वास यायचा. आधी डोकं धरायचं, मग तळपाय बधिर झाले, मग दम लागायला लागला आणि शेवटी हात थरथरायला लागले. फौजेच्या डॉक्टरांनी धोंडबाला घरी पाठवलं तेव्हा लिहून दिलं की आजार याच्या अंगचाच आहे, नोकरीशी त्याचा संबंध नाही. म्हणजे अपंगाची पेन्शन नाही, औषधपाणी नाही, जा बाबा घरी.

आणि धोंडबानं ते खरं मानलं होतं! नागपूरला अर्ज करायला तो आला तोही पंचफुलाच्या आग्रहापायी. इतकंच काय, त्याची माय वच्छलाबाई गेली चार वर्षं घराण्यात कोणाचे हात हलत होते ते शोधत होती. आजे, पणजे, चुलत आजे, सासरचे, माहेरचे, सगळे तिनं उकरून काढले. एकाचाही हात हलला नव्हता. तरी म्हातारी म्हणायची, असंल कोणीतरी.

पंचफुलानं त्या दोघांना तसंच ओढत आत नेलं. ऑफिसातला बाबू जेवायला निघाला होता, त्याच्या दारातच ती आडवी उभी राहिली. बोलताना तिला धाप लागत होती, अर्धं सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. गलका ऐकून आतून सुभेदार गिरिधर बाहेर आले. हे फौजेतून निवृत्त झालेले, वर्ध्याकडचे, मिशा पिकलेल्या. माजी सैनिकांच्या केसेस तेच पाहायचे. त्यांनी दोघांना हात पुढं करायला लावले. चार हात टेबलावर पसरले. टेबलावरचा टाचण्यांचा डबा वाजायला लागला.

सुभेदारांनी डबा उचलून बाजूला ठेवला. "एकाला झालं तर नशीब म्हणता येतं," ते म्हणाले. "दोघांना झालं तर गोदामाला विचारायला पाहिजे."

दोन्ही केसेस एकत्र बांधून वर पाठवतो, नवीन मेडिकल बोर्ड बसवायला लावतो, असं त्यांनी कबूल केलं. पण आधी गावात येऊन पाहावं लागेल, माणूस काम करू शकतो की नाही त्याचा रिपोर्ट लागतो. पहिल्यांदा धोंडबाच्या गावी. मंगळवारी येतो म्हणाले.

उमरेडच्या बसमध्ये पंचफुलाला बसायला जागा मिळाली, पण बसवेना. खिडकीबाहेर कापूस फुटला होता, तुरी कमरेएवढ्या झाल्या होत्या, आश्विनाचं ऊन रणरणत होतं आणि तिला सगळंच छान दिसत होतं. धोंडबा तर काय, तोंडातल्या तोंडात एकच घोकत होता.

"घराण्यातलं नाई वं," तो म्हणाला. "माह्या बापाकडून नाई आलं हे. मले देल्लं त्यायनं."

एवढ्यानंच त्याच्या डोळ्यात पाणी आलं. पेन्शनचं तर पुढं, पण बापाच्या माथ्यावरचं किटाळ गेलं याचाच त्याला आनंद झाला होता. पंचफुलानं चारचौघांत त्याच्या कोटाची बाही धरली आणि आपल्या गावचा, बोरटोल्याचा फाटा येईपर्यंत सोडली नाही.

आता बोरटोल्याच्या कोष्टीपुऱ्यात काय चाललं होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचा घोळ कसा झाला ते कळायचं नाही.

कोष्टीपुऱ्यात घरोघर माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणणारा बसतो, पायानं पावड्या दाबतो, हातानं धोटा फेकतो. बायका कांड्या भरतात, सूत उकलतात, खळ लावतात, मरमर मरतात. पण खड्ड्यात पुरुषच बसतो. बाईनं मागावर बसायचं नाही. काहून? तर नाही बसायचं. ज्या घरी बाई बसली त्या घरचा पुरुष मेला तरी असंल नाहीतर कामातून गेला असंल, असं लोक समजतात.

धोंडबा फौजेतून आला तेव्हा पहिल्याच दिवशी मागावर बसला आणि त्याच्या हातून धोटा सुटून भिंतीवर आपटला. वच्छलाबाईनं ते पाहिलं. तिनं उठून दार लोटलं, सुनेकडं वळली आणि म्हणाली, "पोरी, उतर खाली."

पंचफुला माहेरची विणकराची, चोरून शिकलेली. ती उतरली. तेव्हापासून दार लोटलेलं. आतून ठकठक ऐकू यायची, गल्लीला वाटायचं धोंडबा विणून राहिला. कोणी हाक मारली की धोंडबा मागाजवळून ओ द्यायचा आणि पंचफुला श्वास धरून बसायची. कोणी आत येतोच म्हटलं, की वच्छलाबाई दारातच चरखा घेऊन बसलेली. ती म्हणायची, बारीक काम चालू आहे, धागा तुटते, मंग ये. तेवढ्यात पंचफुला वर आणि धोंडबा खड्ड्यात. ही उतरचढ त्यांना इतकी सरावाची झाली होती की कधीकधी पंचफुलाला हसूच यायचं. कधीकधी मात्र खड्ड्यात बसूनबसून कमर मोडून यायची, तळवे गार पडायचे आणि रडू यायचं.

धोंडबा लोकांसमोर हात खिशातून काढायचा नाही. लोक म्हणायचे फौजेतून आला, तोरा आहे. चालेल, वच्छलाबाई म्हणायची, तोरा म्हणू द्या, लुळा नको म्हणायले.

आणि लुगडं तर असं उतरायचं! टसर रेशमाचे करवतकाठी काठ, करवतीसारखे दाते सगळे एकसारखे, कुठं गाठ दिसायची नाही. विणकर सोसायटीचे अध्यक्ष महादेवराव ते उन्हात धरून पाहायचे आणि चारचौघांत म्हणायचे, धोंडबाच्या नावाचं लुगडं आलं का गिऱ्हाईक दुसऱ्याकडं पाहात नाही. पंचफुला बाजूला पदर ओढून उभी असायची. आत काहीतरी उसळायचं, ते ती गिळून टाकायची.

तर मंगळवारची तयारी सुरू झाली. अंगण सारवलं, भिंतीला पांढरी माती फासली, शेजारून खुर्ची आणली. वच्छलाबाईचा पाय घरात ठरेना. सत्तरीची म्हातारी गल्लीत घरोघर फिरली. सरकारचा माणूस येऊन राहिला माह्या पोराची चौकशी करायले, पेन्शनचं आहे, चार शब्द चांगले सांगजा गा, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. गल्लीनंही मान डोलावली. बाहेरचा माणूस आपल्या पोराची चौकशी करायला येतो तेव्हा कसं बोलायचं हे कोष्टीपुऱ्याला शिकवावं लागत नाही. मुलीवाले सोयरीक जमवायला येतात तेव्हा तेच तर करतात सगळे! पोरगा निर्व्यसनी, मेहनती, हाताला कसबी. एक वाईट शब्द जायचा नाही.

पंचफुलानं हे सारं ऐकलं आणि तिलाही बरंच वाटलं. माणसाच्या डोक्यात आनंद भरला की बाकीचं काही शिरत नाही, तिचं तेच झालं. आपण चार वर्षं गल्लीला काय ऐकवलंय याचा तिला पार विसर पडला.

मंगळवारी शालिकराम पहिल्या बसनंच येऊन हजर. त्याला धीर निघत नव्हता. बेशाला त्याची थोडी शेती होती, पण वखर धरवत नव्हता. बायको आणि भाऊ करायचे आणि भाऊ येताजाता टोमणे मारायचा. तुह्यं साहेबानं चांगलं लिहिलं का माह्यंही मार्गी लागते, असं तो धोंडबाला सारखं म्हणत होता. दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसले होते, आणि खाट आपली कुरकुरतेच आहे.

सुभेदारांची जीप वेशीवर थांबली. पण ते सरळ घरी आलेच नाहीत. पानठेल्यावर थांबले, विहिरीवर थांबले, सोसायटीत बसले. पंचफुला दाराच्या फटीतून बघत होती. गल्लीतली सगळी माणसं हसून, हात हलवून त्यांना काय काय सांगत होती. केवढी माया करतात लोक, असं तिच्या मनात आलं.

मग सुभेदार आले, मागं महादेवराव, त्यांच्या मागं अर्धी गल्ली. खुर्चीवर बसले नाहीत. चहाही घेतला नाही. चेहरा असा की पंचफुलानं पुढं केलेला चहा तसाच मागं घेतला.

"धोंडबा," ते म्हणाले, "तुमच्या गल्लीत तुमच्यासारखा विणकर नाही म्हणतात. दिवसभर मागाची ठकठक ऐकू येते म्हणतात. हाताला कंप बिंप काही नाही, उलट असा हात पंचक्रोशीत नाही म्हणतात. मी वर काय लिहू?"

महादेवराव मोठ्या अभिमानानं मधे बोलले, साहेब, पहिल्या नंबरचा माल आहे याचा, मी स्वतः पाहतो. बिचाऱ्यांना वाटलं आपण केस मजबूत करून राहिलो.

झालं! दाराआडची ठकठक पंचफुलाला आता आठवली. शालिकरामनं आ वासला. सुभेदार सांगत होते की असा रिपोर्ट गेला तर धोंडबाचं सोंग ठरणार, आणि केस जोडलेली आहे म्हणून शालिकरामचीही त्याच्याबरोबर जाणार. पुन्हा कोणी ती उघडणार नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, आणि त्यानंच जास्त भीती वाटत होती.

धोंडबानं खिशातून हात काढले आणि पुढं धरले. गल्लीनं ते हात पहिल्यांदा पाहिले. कुजबुज झाली.

"हात हलवणं कोणालाही येतं," सुभेदार म्हणाले. त्यांची नजर मागावर गेली होती. मागावर दिवाळीच्या ऑर्डरचं लुगडं अर्धं उतरलेलं, काठ ताजा, धोटा तिथंच पडलेला. "या हातांनी विणता येत नाही, मान्य. मग हे कोणी विणलं?"

दारातली माणसं माना उंचावून मागाकडं पाहायला लागली.

"म्या," वच्छलाबाई म्हणाली.

दारातलं कोणीतरी फिसकन हसलं. म्हातारीला भाकरीवरचा केस दिसायचा नाही. तरी ती मान ताठ करून उभी होती. पोराची लाज झाकायला ती कसलंही खोटं बोलली असती.

पंचफुलाच्या ओठावर आलं होतं, मी विणलं. चार वर्षं विणलं, एकेक दाता मी विणला. पण तिनं धोंडबाकडं पाहिलं. हे बोललं की त्याच्याजवळ उरतं काय? सोसायटीत मान होता तो जाणार, गल्लीतून जाताना पोरंसोरं हसणार, बायकोच्या जिवावर बसून खाल्लं म्हणणार. आणि नाही बोललं तर हा समोरचा शालिकराम, ज्याला ती आपणहून भाऊ म्हणाली होती, तो बुडणार. हे तिनं बोलायचं नव्हतंच. ते त्यानं बोलायला पाहिजे होतं, आणि तो बोलेना.

धोंडबा उठला. कोणाकडं न बघता मागाजवळ गेला आणि खड्ड्यात उतरला. पंचफुलाला वाटलं, आता हा नेहमीसारखा बसून दाखवणार, दोन पावड्या दाबणार, लाज राखणार. त्यानं धोटा उचलला. पावडी दाबली. आणि खरोखरच फेकला.

धोटा ताण्याच्या उभ्या सुतात घुसला. धागे तटातट तुटले. तिच्या काळजात ते तुटणं ऐकू आलं. महिन्याची मेहनत होती ती. त्यानं धोटा उपसला, पुन्हा पावडी दाबली, पुन्हा फेकला. या वेळी काठच फाडला. कपाळावर घाम, दातावर दात, हात लटलटतायत, तरी तिसऱ्यांदा फेकला. महादेवराव कळवळून ओरडले, अरे माल खराब होऊन राहिला! शालिकराम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता, त्याला ते बघवत नव्हतं.

"हे माह्यं विणणं, साहेब," धोंडबा धापा टाकत म्हणाला. मग एका अंगाला सरकला आणि मान वर न करता हाक मारली, "ये वं."

पंचफुला दोन ढांगांत तिथं पोहोचली. इतक्या पुरुषांसमोर, सासूसमोर, अध्यक्षांसमोर ती खड्ड्यात उतरली आणि नवऱ्याला लागून बसली. आधी वाटलं हातच चालणार नाहीत. पण तुटलेले धागे डोळ्यांपुढं लोंबत होते, आणि विणकराला तुटलेला धागा बघवत नाही. तिनं अंगठ्याला थुंकी लावली. एक धागा पकडला, जोडीचा शोधला, पीळ दिला, सांधला. दुसरा. तिसरा. मग तिला कोणी दिसेनासं झालं. बोटं आपली चालली होती. फाटलेली जागा भरत आली तसा तिनं धोटा घेतला, पावडी दाबली आणि ठक! ठक! ठक! काठाचे दाते एकामागून एक उठायला लागले. अंगात नुसतं वारं भरलं होतं तिच्या. चार वर्षं दाराआड कोंडलेला आवाज उघड्या दारातून गल्लीत जात होता आणि तिला वाटत होतं अजून जोरात वाजव, अजून जोरात.

बायका उंबरा ओलांडून आत आल्या, वाकून पाहायला लागल्या. एकीनं नुसतंच "माय वं" म्हटलं. महादेवराव पुढं झाले, त्यांनी काठ बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला. गेली चार वर्षं आपण कोणाच्या कामाची तारीफ करत आलो ते त्यांना आता समजलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

सुभेदारांनी खुर्ची ओढली, बसले आणि कागद मांडीवर घेतला. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो म्हणाले. दोघांच्याही केसला हा रिपोर्ट जोडीन, आणि बोर्डासमोर मी स्वतः उभा राहीन. शालिकराम भिंतीकडून वळला. खाली वाकून त्यानं धोंडबाच्या पाठीवर आपला थरथरता हात ठेवला.

"मागावर कोण बसतं, ते लिहावं लागेल," सुभेदार धोंडबाला म्हणाले. "नाव सांगा."

आता आली का पंचाईत! कोष्टीपुऱ्यात बायकोला कोणी नावानं हाक मारत नाही. घरात 'वं' आणि बाहेर 'आमच्या घरची'. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पंचफुलाचे कान तापले. ती खाली मान घालून धागे सांधत राहिली. सासू सांगेल, नाहीतर महादेवराव सांगतील, तिला वाटलं.

"लिहा, साहेब," धोंडबा म्हणाला. फौजेत हजेरीला द्यायचा तसला खणखणीत आवाज लावला त्यानं, पार वेशीपर्यंत जावा असा. "पंचफुला. बायको आहे माही. हे लुगडं तिचं, आंधीचे सारे तिचेच."

गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. वच्छलाबाई डोळे पुसत त्यांच्यावरच खेकसली. पंचफुलाला हसू आवरेना, रडूही आवरेना. आणि काठाचे अजून बरेच धागे सांधायचे राहिले होते, म्हणून तिनं नवऱ्याला कोपरानं जरा बाजूला सरकवलं आणि पुढचा धागा उचलला.